रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून थांबू नका: सोलापूरच्या डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यातले फॅमिली डॉक्टर, वैद्य, सर्जन, एन्डोस्कोपी करणारे आणि पॅथॉलॉजिस्ट

सप्रेम नमस्कार, वि. वि.

हे पत्र मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या एका विरळ कर्करोगाबद्दल आहे. सिग्नेट रिंग सेल कार्सिनोमा हे त्याचे नाव. आपण सगळ्यांनी शिकताना तो पुस्तकात एखाद्या ओळीत वाचला आणि ओपीडीत कुठे भेटायचा, म्हणून पुढे गेलो. तो भेटतो. रुग्ण बहुतेक वेळा तरुण असतो, तक्रार ‘पोट साफ होत नाही’ इतकी साधी असते आणि पहिल्या फेरीतल्या तपासण्या एकामागून एक नॉर्मल येत जातात. आमचे सांगणे एवढेच आहे की या आजारात नॉर्मल रिपोर्टवर विसंबून थांबता येत नाही. रुग्णाचे सहा-आठ महिने जातात ते बहुधा तिथेच.

ही पेशी एकदा पाहिली की विसरत नाही. तिच्या पोटात श्लेष्म्याचा, म्हणजे चिकट स्रावाचा (म्युसिन), मोठा थेंब साठतो. तो केंद्रकाला ढकलत कडेला नेतो आणि केंद्रक चपटे होऊन चंद्रकोरीसारखे चिकटून बसते. मोहोर उठवायच्या जुन्या अंगठीसारखे हे चित्र दिसते, एका बाजूला जाड शिक्का आणि बाकी रिकामे कडे. गाठीतल्या निम्म्याहून अधिक पेशी अशा असतील तरच हे नाव द्यावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. श्लेष्मा पेशीच्या आत न राहता बाहेर तळी करून पसरला असेल तर तो म्युसिनस कर्करोग. त्याची वागणूक वेगळी असते आणि तो इतका घातक नसतो, त्यामुळे ही दोन नावे एकमेकांच्या जागी वापरू नयेत. मोठ्या आतड्यातल्या या प्रकाराचे वर्णन लॉफमन आणि सफीर यांनी १९५१ साली केले. पोटाच्या पिशवीत होतो तसा ताठ, चामड्यासारखा कर्करोग आतड्यातही होतो, हे त्यांनी दाखवले.

या पेशींची एकमेकींना धरून राहण्याची ताकद गेलेली असते. म्हणून त्या गाठ बांधत नाहीत, सुट्या सुट्या होऊन अस्तराच्या खालच्या थरातून पसरतात. जाड चादरीत तेल झिरपत जावे आणि वरची वीण जशीच्या तशी दिसावी, तसे हे चालते. साधा आतड्याचा कर्करोग बहुधा कोंबापासून (पॉलिप) वाढतो, आतल्या पोकळीत डोके काढतो, घासला जातो आणि रक्त सांडतो. हा तसे करत नाही. तो भिंत जाड आणि ताठ करत जातो, लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड) लवकर शिरतो आणि उदरावरणावर, म्हणजे पोटाच्या आतल्या पातळ पडद्यावर, पेरला जातो. यकृतात मात्र तुलनेने कमी जातो. सोनोग्राफीत ‘लिव्हर स्वच्छ आहे’ म्हणून हायसे वाटून घेऊ नये, ते यासाठी.

पाश्चात्त्य देशांत आतड्याच्या एकूण कर्करोगांत याचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आहे. आपल्याकडे चित्र वेगळे दिसते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१७ साली ८०० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत हा प्रकार १३ टक्क्यांच्या आसपास होता आणि सर्व रुग्णांचे सरासरी वय ४७ होते. मोठ्या रुग्णालयात अवघड रुग्ण अधिक जमतात, हे धरूनही फरक मोठा आहे. तिकडच्या पाहण्यांत हा कर्करोग उजव्या बाजूच्या आतड्यात जास्त दिसतो, तर आपल्याकडे गुदाशयात बराच आढळतो, म्हणजे पुष्कळदा बोटाच्या टप्प्यात. आपल्या बार्शीची कर्करोग नोंदणी १९८७ पासून चालते, देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. तिच्या आकड्यांत आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण मोठ्या शहरांपेक्षा कमी आहे. ते कमी आहे म्हणूनच तो आपल्या डोक्यात येत नाही.

फॅमिली डॉक्टरांना आधी सांगायचे आहे. यंत्रमागावर उभ्याने पाळी करणारा तिशीतला माणूस येतो. शौचाला दोन-तीनदा जावे लागते, कुंथावे लागते, तरी साफ झाल्यासारखे वाटत नाही, थोडी आव पडते, कधी रक्ताचा ठिपका. तिखट खाणे, पाणी कमी पिणे आणि उभ्याचे काम यांवर बोट ठेवून त्याला मूळव्याधीचे मलम, रेचक चूर्ण आणि आवेच्या गोळ्या मिळतात. पंधरा दिवस थोडे बरे वाटते, कारण रेचकाने मल पातळ होऊन अरुंद जागेतून सरकतो. मग तेच औषध पुन्हा. मूळव्याध खरेच असते, बऱ्याच जणांना असते. पण मूळव्याध दिसली म्हणून वर काही नाही, असे होत नाही. पुढच्या गोष्टींपैकी एक जरी असली तरी चिठ्ठी लिहिण्याआधी गुदपरीक्षण करा: तक्रार तीन आठवड्यांहून जुनी, वजन उतरलेले, रात्री झोपेतून शौचासाठी उठावे लागणे, मलाची धार बारीक होणे, पुरुषाचे हिमोग्लोबिन कारणाशिवाय कमी असणे. बाईचे कमी हिमोग्लोबिन आपण पाळीवर ढकलतो. ते ढकलण्याआधीही एकदा विचारा.

गुदपरीक्षणाला हातमोजा, लिग्नोकेन जेली, एक कॉट आणि पडदा एवढेच लागते. रुग्णाला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवा. बाई असेल तर सिस्टर किंवा घरची बाई शेजारी उभी करा आणि काय करणार ते आधी सांगा. न सांगता केले की पुढच्या वेळी ती येत नाही. बोट सात-आठ सेंटिमीटरपर्यंत पोचते आणि गुदाशय साधारण १५ सेंटिमीटरचा, म्हणजे खालचा निम्मा भाग तपासून होतो. साध्या कर्करोगात उठलेली, खरबरीत, टोकदार काठाची जखम लागते आणि मोज्यावर रक्त येते. सिग्नेट रिंगमध्ये अस्तर गुळगुळीतच लागते. जाणवतो तो ताठरपणा. जाड रबरी नळीत बोट घातल्यासारखे वाटते, भिंत बाजूला सरत नाही, बोट सगळीकडून सारखे आवळले जाते. याला ‘स्पाझम’ म्हणून सोडू नका. स्पाझम मिनिटभर थांबले की सैल पडतो, हा पडत नाही.

क्षारसूत्र (औषधी दोरा), इंजेक्शन किंवा लेसरने मूळव्याध-भगंदराचे उपचार करणाऱ्यांना कळकळीची विनंती. ताठ गुदाशयाच्या तोंडाशी असलेल्या भगंदरात सूत्र घालण्याआधी त्या मार्गाचा तुकडा तपासणीला पाठवा. कर्करोगातून हत्यार गेले की पुढची शस्त्रक्रिया अधिक खोल आणि रुंद करावी लागते.

आता स्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून आतडे पाहणे. ती करताना या आजाराची खूण डोळ्यापेक्षा हवेत दिसते: हवा भरली तरी तो भाग फुगत नाही. अस्तर फिकट, थोडे सुजलेले, घड्या जाड, कधी अगदी साधे. अशा वेळी वरवरचे दोन तुकडे घेऊन ‘प्रोक्टायटिस’ (गुदाशयाचा दाह) लिहिणे ही सर्वांत मोठी चूक ठरते, कारण आजार अस्तराच्या खाली आहे आणि चिमटा अस्तरच उचलतो. निदान आठ-दहा तुकडे घ्या आणि त्यातले काही एकाच जागी, घेतलेल्या खड्ड्यातच पुन्हा चिमटा लावून घ्या. दुसरा, तिसरा चिमटा खोल जातो. तरीही हाती काही लागले नाही आणि भिंत ताठच असेल, तर भूल देऊन गुदद्वारातून पूर्ण जाडीचा पाचराच्या आकाराचा तुकडा काढावा किंवा एन्डोस्कोपिक सोनोग्राफीच्या मदतीने सुईने नमुना घ्यावा. अरुंद भागातून स्कोप पुढे जात नसेल तर ते अहवालात सेंटिमीटरमध्ये लिहा. ‘पुढे गेलो नाही’ आणि ‘पुढे काही नाही’ यांतला फरक पुढच्या डॉक्टरला कळला पाहिजे.

तुकडे थेट १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये गेले पाहिजेत, आणि फॉर्मॅलिन तुकड्यांच्या निदान दहा पट हवे. नर्सिंग होममध्ये फॉर्मॅलिन संपलेले असते, म्हणून नमुना सलाइनच्या बाटलीत टाकून संध्याकाळी लॅबला जातो. तोवर पेशी फुगून फुटलेल्या असतात आणि श्लेष्म्याने भरलेली नाजूक पेशी आधी जाते. ऑपरेशन थिएटरच्या कपाटात तारीख लिहिलेली एक सीलबंद बाटली ठेवण्याने हे टळते. अर्जावर ‘रक्त पडते, मूळव्याध?’ एवढे लिहू नका. ‘वय ३१, भिंत ताठ, हवेने फुगत नाही, ६ ते ११ सेंमी, दोन महिन्यांत सात किलो वजन कमी’ असे लिहिले की पॅथॉलॉजिस्ट स्लाइडकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

पॅथॉलॉजिस्ट मित्रांनो, अडचण आम्हाला माहीत आहे. चिमूटभर तुकडा, त्यात सूज, आणि सुजेत चार-दोन फेसाळ पेशी. त्या श्लेष्मा गिळलेल्या साध्या मॅक्रोफेज (साफसफाई करणाऱ्या पेशी) आहेत की सिग्नेट रिंग, हे एच अँड ई या नेहमीच्या रंगावर दर वेळी सांगता येत नाही. वय तरुण आणि वर्णन ताठ भिंतीचे असेल तर ब्लॉकचे, म्हणजे मेणात बसवलेल्या तुकड्याचे, आणखी खोल काप घ्या, श्लेष्मा दाखवणारे पीएएसचे किंवा म्युसिकार्मिनचे रंग लावा आणि सायटोकेराटिन करून पाहा. कर्करोगाची पेशी केराटिन दाखवते, मॅक्रोफेज दाखवत नाही. निदान पक्के झाल्यावर अहवालात टक्केवारी लिहा. निम्म्याहून कमी सिग्नेट रिंग असल्या तरी त्या आहेत हे नोंदवा, कारण थोड्या असल्या तरी स्वभाव बिघडतो. मग डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या चार प्रथिनांची तपासणी, एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. उजव्या बाजूच्या सिग्नेट रिंगमध्ये यांतले एखादे प्रथिन गायब असण्याचे प्रमाण बरेच आहे, आणि ते गायब असेल तर उपचाराची वाटच बदलते. अशा गुदाशयाच्या कर्करोगात डोस्टार्लिमॅब या इम्युनोथेरपीने पहिल्या १२ च्या १२ रुग्णांत गाठ पूर्ण नाहीशी झाल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले. औषध महाग आहे, सगळ्यांना परवडणार नाही. तरीही ही तपासणी वगळू नये, कारण घरातल्या पुढच्या माणसाचा प्रश्नही तिच्यातूनच सुटतो.

दुसरी गोष्ट, हे आतड्यातलेच आहे का? सिग्नेट रिंग कर्करोगाचे नेहमीचे ठिकाण जठर. तिथून तो आतड्यावर, उदरावरणावर आणि अंडाशयांवर उतरतो. म्हणून वरून एन्डोस्कोपी केल्याशिवाय ‘आतड्याचा’ म्हणू नका. सीके२०, सीडीएक्स२ आणि एसएटीबी२ हे रंग मदत करतात, पण जठर डोळ्याने पाहण्याची जागा ते घेत नाहीत. तरुण बाईच्या दोन्ही बाजूंच्या अंडाशयांत गाठी आल्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञ शस्त्रक्रियेच्या तयारीत असतील, तर आधी जठर आणि आतडे पाहून घ्यावे.

पुढचा टप्पा पसरण तपासण्याचा, आणि इथे नॉर्मल रिपोर्ट सर्वाधिक फसवतात. रक्तातला सीईए (आतड्याच्या कर्करोगात वाढणारे प्रथिन) या प्रकारात पुष्कळदा वाढतच नाही. पेट स्कॅनमध्ये साखर खाणाऱ्या पेशी उजळतात, पण श्लेष्म्याने भरलेल्या पेशी साखर कमी खातात, म्हणून पेट ‘थंड’ येते. सीटीत उदरावरणावरचे दोन-तीन मिलिमीटरचे दाणे दिसत नाहीत. म्हणून गुदाशयासाठी नीट केलेला एमआरआय हवा, पातळ कापांचा आणि गाठीच्या अक्षाला काटकोनात घेतलेला. पोटात थोडे पाणी, मेदपटलाला जाडी किंवा अंडाशयात शंका असेल, तर मोठी शस्त्रक्रिया ठरवण्याआधी दुर्बिणीतून पोटात पाहावे. अर्ध्या तासाच्या या तपासणीने काही रुग्णांची निष्फळ चिरफाड वाचते.

उपचारांच्या क्रमाबद्दल सर्जन मंडळींशी बोलायचे आहे. रात्री आतडे अडलेला रुग्ण आला तर अडथळ्याच्या वर लूप कोलोस्टोमी करा, म्हणजे मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर काढा, एक तुकडा तपासणीला घ्या आणि तिथेच थांबा. घाईत अर्धवट काढलेला गुदाशय पुन्हा नीट काढता येत नाही. भिंतीबाहेर गेलेल्या किंवा ग्रंथींत पोचलेल्या गुदाशयाच्या आजारात आधी रेडिएशन आणि केमो, मग शस्त्रक्रिया. रेडिएशन एकतर २८ भागांत ५०.४ ग्रे (रेडिएशनचे माप), साडेपाच आठवडे, सोबत कॅपेसिटाबिन ही केमोची गोळी. किंवा पाच दिवसांत २५ ग्रे आणि त्यानंतर काही महिने केमो. शस्त्रक्रियेत गुदाशय त्याच्या भोवतीच्या मेदाच्या आवरणासकट अखंड निघावा, किमान १२ ग्रंथी तपासल्या जाव्यात आणि कडेचे अंतर १ मिलिमीटरपेक्षा जास्त असावे. एवढे सगळ्याच गुदाशय कर्करोगांना लागू आहे. सिग्नेट रिंगमध्ये भर अशी, की हा आजार दिसणाऱ्या कडेच्या पलीकडे अस्तराखालून सरकलेला असतो. साध्या गाठीला खालच्या बाजूने पुरणारे एक-दोन सेंटिमीटर इथे अपुरे पडू शकतात. आमच्या मते खालच्या काठाचा फ्रोझन सेक्शन, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच तुकडा गोठवून केलेली तपासणी, मागवल्याशिवाय आतडे जोडू नये, मग गुदद्वार वाचवण्याचा आग्रह सोडावा लागला तरी चालेल.

केमोच्या काळात रुग्ण पुन्हा फॅमिली डॉक्टरकडेच येतो. कॅपेसिटाबिनच्या गोळ्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, सकाळी आणि रात्री १२ तासांच्या अंतराने घ्यायच्या. शिरेतून द्यायच्या ऑक्सालिप्लॅटिन या केमोच्या औषधासोबत असतील तर चौदा दिवस गोळ्या आणि सात दिवस सुटी. कॅपेसिटाबिनने तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात, बोटांच्या टोकांना भेगा पडतात. विडी वळणाऱ्या बाईची रोजी त्याच टोकांवर असते आणि ती काम सोडण्याऐवजी गोळ्या गुपचूप कमी करते. तिला विचारा, हात हातात घेऊन पाहा आणि त्रास असेल तर कर्करोगतज्ज्ञाला फोन करून डोस ठरवून घ्या. नेहमीपेक्षा चार-पाच जुलाब जास्त झाले तर गोळ्या थांबवून कळवायचे, ‘कोर्स पूर्ण करा’ म्हणायचे नाही. ऑक्सालिप्लॅटिननंतर काही दिवस गार लागले की बोटे आणि घसा झिणझिणतो, गिळताना आवळल्यासारखे होते. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये फ्रिजचे पाणी घेऊ नका हे सांगितले नाही, तर घरचे रुग्णाला श्वास कोंडला म्हणून रात्री पळवत आणतात.

उन्हाळ्याचीच आणखी एक गोष्ट. लहान आतड्याचे तोंड पोटावर काढले असेल, म्हणजे इलिओस्टोमी, तर दिवसाला दीड लिटरच्या वर पातळ मल जाऊ लागला की मूत्रपिंड संकटात येते. ४२ अंशांत घाम वेगळाच. पिशवी दिवसातून किती वेळा रिकामी करता आणि लघवीचा रंग कसा आहे, हे दोन प्रश्न विचारा. नुसते पाणी जास्त पिऊन हे भरून निघत नाही, उलट मलाबरोबर मीठ आणखी वाहून जाते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हेच पाजा. चमचा चहाचा. घामाने पिशवीची चकती सुटते, म्हणून भोवतीची त्वचा साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करून मगच चकती लावायची. तेल, साबण किंवा पावडर राहिली की ती चिकटत नाही.

परिणामांबद्दल खरे तेच सांगू या. सगळ्या टप्प्यांचे रुग्ण मिळून पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण बहुतेक मोठ्या पाहण्यांत शंभरात वीस ते पस्तीसच्या दरम्यान आहे. साध्या कर्करोगात ते साठच्या आसपास असते. पण हा आकडा रुग्णाला सरसकट ऐकवू नका. यातला मोठा वाटा उशिरा सापडण्याचा आहे. भिंतीतच असताना आणि ग्रंथी स्वच्छ असताना सापडलेल्यांचा निकाल कितीतरी चांगला असतो. ग्रंथींत गेल्यावर मात्र त्याच टप्प्याच्या साध्या कर्करोगापेक्षा हा वाईटच वागतो. तो परततो बहुधा पहिल्या दोन वर्षांत आणि बहुधा उदरावरणावर. म्हणून पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तपासा. सीईए नॉर्मल असला तरी पोट फुगणे, थोडे खाल्ले की भरल्यासारखे वाटणे आणि नवी बद्धकोष्ठता यांवर लगेच सीटी करा.

तरुण रुग्णाला रेडिएशनच्या आधी मूल हवे आहे का, हे विचारायचे राहून जाते. पुरुषाचे वीर्य साठवता येते, बाईच्या अंडाशयांची जागा शस्त्रक्रियेने हलवता येते, पण दोन्ही आधीच करावे लागते. वरच्या चारपैकी एखादे प्रथिन गायब असेल तर लिंच सिंड्रोमची, म्हणजे या कर्करोगाच्या आनुवंशिक दोषाची, तपासणी करावी, आणि तो निघाला तर भावंडांतही तपासावा. ज्यांच्यात दोष सापडेल त्यांची कोलोनोस्कोपी विशी-पंचविशीपासून एक-दोन वर्षांनी. दोष नसला तरी रुग्णाच्या सख्ख्या भावंडांची आणि मुलांची चाळिशीत, किंवा रुग्णाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, जे आधी येईल तेव्हा. सरकारी तपासणी मोहीम तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांची आहे. आतड्याचा तीत नाही, त्यामुळे ही यादी ठेवणे आपल्यावरच येते.

रुग्णाला बार्शी, पुणे किंवा मुंबईला पाठवताना नुसता अहवाल देऊन चालत नाही. तिथले पॅथॉलॉजिस्ट स्वतः पाहतात, त्यासाठी मूळ स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक लागतो. ब्लॉक नसेल तर पुन्हा तुकडा घ्यावा लागतो आणि नातेवाईक सिद्धेश्वर एक्सप्रेसने परत येऊन पुन्हा रांगेला लागतात. लॅब डॉक्टरांच्या पत्राशिवाय ब्लॉक देत नाहीत. ते पत्र, स्कोपीचे फोटो, एमआरआयची सीडी आणि रेशनकार्डाची प्रत एका पाकिटात घालून रुग्णाच्या हातात द्या, तेही निदान सांगितले त्याच दिवशी.

आपले,
सोलापुरात पोटविकार, पॅथॉलॉजी आणि कर्करोग शस्त्रक्रिया या शाखांत काम करणारे काही डॉक्टर